पेटीला दिलेली सुट्टी

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे माझं नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे. मी ‘पेटीवाले साहेब’. शिफ्टचे लोक, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कॅन्टीनवाले, सगळे तसंच म्हणतात. मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकतो.

पेटी म्हणजे सर्व्हरला जोडलेलं स्टोरेज. फ्रीजच्या निम्म्या उंचीचं, काळं, पुढून जाळी असलेलं धूड आणि आत ओळीने बसवलेल्या डिस्क. आम्ही गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पोलादी पिना बनवतो. त्या पिनांची ड्रॉइंग, ऑर्डरी, पत्रव्यवहार आणि माल बाहेर पडण्याआधी घेतलेलं प्रत्येक माप त्या पेटीत जायचं. स्टोअरच्या शेजारी काचेचं पार्टिशन घालून एक खोली काढली आहे, तिथे ती आणि मी दोघंच. एसी तिच्यासाठी, स्वेटर माझा. नऊ वर्षांत ती एकदाही बंद पडली नाही. एखादी डिस्क खराब झाली तर पेटी स्वतःच बनवणाऱ्या कंपनीला कळवायची, दोन दिवसांत त्यांच्या एजन्सीचा माणूस भोसरीहून नवी डिस्क घेऊन हजर व्हायचा, मी जुनी ओढून काढून नवी सरकवायचो, आणि तेवढ्या वेळात कुणाला काही कळायचंही नाही. घरी मिक्सर दोन वर्षं टिकत नाही, म्हणून मला तिचं फार अप्रूप. बायको म्हणायची, “एकदा घेऊन या तिला घरी जेवायला, बघू तरी काय एवढं आहे तिच्यात.”

आता ताईंबद्दल सांगतो, कारण हे सगळं शेवटी त्यांच्यावर येऊन पडलं.

फायनल इन्स्पेक्शनला एक ताई होत्या. वयाने मोठे सुपरवायझरसुद्धा त्यांना ताईच म्हणत. कारखान्याच्या जागेत त्यांच्या सासऱ्यांचं वावर होतं. जमीन गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली, आणि नवरा वारल्यावर ती नोकरी ताईंकडे आली. आल्या तेव्हा त्यांना मायक्रोमीटर धरता येत नव्हता. मी पाहिल्या त्या ताई मात्र पीन नुसती बोटांत फिरवून सांगायच्या की ही जाड भरणार. तरीही मोजायच्या. पन्नास पिनांमागे पाच मोजायच्या असा नियम आहे. ताई सात मोजायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “पाच कंपनीच्या, दोन माज्या.”

ही सगळी मापं त्या एका वहीत लिहायच्या. दोनशे पानी लांबट वही, तिला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. लॉटचा नंबर, सात मापं, तारीख, शिफ्ट, सही. कधी कडेला ‘आज लाईट दोनदा गेली’ असंही. कंपनीने मग नवीन मायक्रोमीटर आणले. बटण दाबलं की माप वायरीतून थेट पेटीत. ताईंनी बटण दाबायला दोन दिवसांत शिकून घेतलं, पण वही काही सोडली नाही. आधी बटण, मग वही. ऑडिटरला ते खटकलं. एकाच मापाच्या दोन नोंदी नकोत, उद्या दोन्हींत फरक निघाला तर कुठली खरी म्हणायची, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरही होतं. वही बंद करायला सांगण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी ते काम नीट केलं असतं तर आज हे लिहीत बसलो नसतो. सकाळच्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये, वीस-पंचवीस लोकांसमोर मी म्हणालो, “ताई, वहीत चूक होऊ शकते. पेटीत नाही.”

“आन पेटीच बंद पडली तर, सायेब?” ताईंनी विचारलं.

लोक हसले. मीही हसलो. “ती बंद पडायची नाही. आणि मी आहे की.”

ताईंनी तिथेच वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, ‘आजपासून वही बंद. मापं पेटीत.’ आणि वही माझ्यापुढे धरली. “हितं सही करा.”

मी केली. चांगली लफ्फेदार, खाली दोन रेघा मारून. वही परत देऊ लागलो तर त्यांनी घेतली नाही.

“तारीख घाला, सायेब. तारखेबिगर सही म्हंजी काय?”

तारीखही घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे आपापल्या मशीनवर गेले. याला तीन वर्षं झाली.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक ईमेल आला. पेटी बनवणारी परदेशातली कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. पत्र गोड होतं. या नव्या प्रवासात ग्राहक हाच आमचा केंद्रबिंदू, वगैरे. मी ते तीनदा वाचलं, आणि पेटीचं पुढे काय होणार हे त्यात कुठेच नव्हतं. ती बनत राहणार की नाही? डिस्क मिळणार की नाही? मी भोसरीच्या एजन्सीला फोन लावला. तिथला माणूस दहा वर्षं ओळखीचा.

“सर, वरूनच काही क्लिअर नाही. आम्हालाबी तोच मेल आलाय,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. तेच उत्तर. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “राव, खरं सांगू का, माझंच पुढं काय ते मला माहीत नाही.” त्यानंतर त्याला फोन करायची मला लाज वाटू लागली. तरी करत राहिलो.

माझा जीव टांगणीला लागला तो इथून. अफवा रोज नव्या. कुणी म्हणे नवीन मालक जुना माल वर्षभरात बंद करणार. कुणी म्हणे बंद कसला, उलट वाढवणार. ताथवड्याला माझा एक कॉलेजचा मित्र राहतो, तोही याच धंद्यात. तो म्हणाला, “तू दुसरी घे आणि मोकळा हो.” मी दुसऱ्या पेटीचा प्रस्ताव वर पाठवला. वरून उत्तर आलं की आधी यांचं काय ते कळू दे. दर सोमवारी प्लांट हेड मला विचारायचे, “किती दिवस चालेल ही?” आणि दर सोमवारी मी म्हणायचो, “सांगता येत नाही, सर.” नऊ वर्षं ज्या गोष्टीबद्दल मी छाती ठोकून बोलत होतो, तिच्याबद्दल माझ्या तोंडात आता हे एकच वाक्य उरलं. संताप यायचा, पण कुणावर करायचा तेच समजत नव्हतं. शिवी घालायलासुद्धा समोर माणूस लागतो.

तळेगावच्या आमच्या दुसऱ्या युनिटमध्ये या पेटीची जोडीदार होती. इथे जे साठेल त्याची नक्कल तिथे उमटायची. ऐन पावसाळ्यात तिच्या तीन डिस्क पाठोपाठ गेल्या. नव्या मागवल्या, त्या आल्या नाहीत. ती थांबली. आता सगळं इथल्या एकीवर. तिच्यातलं सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं तर त्यांचंच एक सॉफ्टवेअर लागायचं, त्याचं लायसन्स संपलेलं, आणि ते वाढवून कोणी द्यायचं हे दोन कंपन्यांचं अजून ठरायचं होतं. मी हे सगळं वर लेखी कळवलं होतं. त्या ईमेलच्या प्रती अजून माझ्याकडे आहेत. त्यांचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

नवरात्राच्या आठवडाभर आधी तक्रार आली. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जुन्या लॉटमधल्या काही पिना सैल निघाल्या होत्या. लॉट तीन वर्षांपूर्वीचा. इन्स्पेक्शनला नाव ताईंचं. गिऱ्हाइकाच्या पत्रात एक सभ्य वाक्य होतं, त्याचा साधा अर्थ एवढाच की ही मापं प्रत्यक्ष घेतली होती की न मोजताच पास केलं? दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्यांची तीन माणसं येणार होती, आणि मूळ नोंद मूळ सिस्टिमवरच बघणार होती. छापील कागद चालणार नव्हता, कारण कागद काय, कुणीही छापतं.

ताई माझ्या काचेच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत आल्या होत्या. एसीच्या गारव्यात पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणाल्या, “हाय का, सायेब, त्यात?”

मी लॉटचा नंबर टाकला. फाइल उघडली. पन्नासामागे सात, पन्नासामागे सात, पानंच्या पानं. प्रत्येक माप मर्यादेच्या आत, प्रत्येकापुढे वेळ. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून मी म्हणालो, “आहे, ताई. सगळं आहे. हे बघा तुमचे सात.”

त्यांनी स्क्रीनला बोट न लावता, दुरूनच ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, “नोकरीचं काय न्हाई ओ. दोन वर्सं ऱ्हायलीत माजी. पर न मोजता सही केली आसं नगं माज्या नावावर.” आणि कामावर गेल्या.

त्या वेळी ती फाइल मी छापून ठेवायला हवी होती. गिऱ्हाइकाने मानला नसता कागद, पण ताईंच्या हातात काहीतरी राहिलं असतं. फोनवर फोटो काढावा तर कॅमेऱ्यावर गेटवरचं स्टिकर. ते काढलं की नोकरी जाते. प्रिंटर मात्र माझ्या उजव्या हाताला होता. तेव्हा वाटलं, मूळ नोंदीला आता हात लावू नये, काही केल्याचा संशय नको, ते येतील आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. कारणं मला पाठ आहेत. खरं कारण एकच, की अजूनही, इतकं होऊनही, माझा पेटीवर विश्वास होता.

मग खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. कारखान्यातली सगळी मशीन बंद. आदल्या दिवशी घासूनपुसून, ऑइल लावून ठेवलेली. सकाळी झेंडूचे हार, कुंकू, नारळ. माणसं नव्या कपड्यांत, बायका काठापदराच्या साड्यांत. पूजा झाली की त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, तिला सुट्टी. यंदा दसराही गुरुवारीच आला होता. गुरुवार म्हणजे आमचा आठवड्याचा सुट्टीचा वार, आणि दुरुस्तीसाठी लाइट घालवायचाही वार. म्हणजे बुधवारी बंद झालेलं सगळं शुक्रवारी सकाळी सुरू होणार होतं.

पेटीला मात्र मी कधी सुट्टी दिली नव्हती. दर वर्षी एक हार खोलीच्या दाराला बाहेरून लावायचो, आत ती चालूच, लाइट गेली तर जनरेटरवर. लोक चिडवायचे, “तुमची पेटी नास्तिक हाय का, सायेब?” मी हसून सोडून द्यायचो. अशा डिस्क वर्षानुवर्षं फिरत असतात तोवर फिरत राहतात. एकदा थांबून गार पडल्या की पुन्हा फिरतीलच याची खात्री नसते. या धंद्यातल्या नवशिक्यालाही हे माहीत असतं. मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

यंदा पूजेचं ताट घेऊन ताई आत आल्या. त्यांनी पेटीकडे बराच वेळ पाहिलं.

“लई दमली आसंल ही.”

“मशीन आहे, ताई.”

“व्हय, मशीनच की. समद्या मशीनला आज सुट्टी हाय. नऊ वर्सं उभी हाय ही. तिला बी येक दिस इसावा द्या की. सोमवारी तिचंच काम हाय.”

मी नाही म्हणायला हवं होतं. दर वर्षी दहा जणांना सहज नाही म्हणत आलो होतो. पण गेले सहा महिने मी विचारत होतो, काय करू, काय होणार हिचं, आणि भोसरीपासून परदेशापर्यंत कुणीही मला एक धड वाक्य दिलं नव्हतं. इथे पहिल्यांदा कुणीतरी ठामपणे सांगत होतं की असं करा. शिवाय सांगणाऱ्या ताई होत्या, आणि सोमवारी पणाला लागलेलं होतं ते त्यांचं. मला वाटलं, जे आपल्या हातात नाही ते निदान नमस्कार करून तरी सोडावं. मी खुर्चीत बसलो, पासवर्ड टाकला आणि पेटी रीतसर बंद केली.

पंखे एकेक करत थांबले. त्या खोलीतली शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. ताईंनी पेटीच्या वरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. जाळीवर नको म्हटलं तर “न्हाई न्हाई, वरच,” म्हणाल्या. हार घातला. आम्ही दोघांनी हात जोडले. कॅन्टीनमध्ये बुंदी होती. मी दोनदा घेतली, हेही आठवतं.

शुक्रवारी सकाळी मोशीच्या पुढे बस पाऊण तास अडकली. मी आत येऊन स्वेटर घालायच्या आधीच पेटी सुरू केली. पंखे फिरले. दिवे लागले. हिरवे, मग एक नारिंगी, मग तीन, मग सात. आतून कुठून तरी टक, टक असा आवाज, थोडा थांबून पुन्हा टक. दोन डिस्क नाही उठल्या तरी पेटी सावरून घेते. सात नाही सावरत. मी बंद केली, वाट पाहिली, पुन्हा सुरू केली. डिस्क काढल्या, हातांत धरून गरम केल्या, परत घातल्या. जे जे कधी ऐकलं होतं ते सगळं केलं. दुपारपर्यंत नारिंगी दिवे नऊ झाले.

हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेल्या बाईने सांगितलं की या उत्पादनाची सेवा सध्या हस्तांतरित होत आहे. मी फोन ठेवला नाही. तिचं तेच तेच पाऊण तास ऐकत राहिलो. एजन्सीचा माणूस म्हणाला, “सर, नऊ? मंग काय बोलायचं आता.” पुण्यात मेलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे शनिवारी मी स्वतः पिशवीत डिस्क घालून घेऊन गेलो. त्यांनी पेटीचं नाव ऐकलं आणि मान हलवली. सुट्या डिस्कमधून ते काहीतरी काढू शकतात, पण या पेटीचं कुलूप बनवणाऱ्याशिवाय उघडत नाही. पावसाळी हवा होती, मी स्टॉपवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला चक्क रडू आलं.

सोमवारी ते तिघे आले. कॉन्फरन्स रूममध्ये चहा, क्रीमची बिस्किटं. प्लांट हेडनी सांगितलं की तांत्रिक बिघाडामुळे नोंदी उपलब्ध नाहीत. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तांत्रिक बिघाड ऐन त्यांच्या भेटीच्या तोंडावर झाला, हे त्यांना आमच्या किती सोयीचं वाटलं असेल ते मी समजू शकतो. मीही त्यांच्या जागी तसंच पाहिलं असतं.

मी म्हणालो, “मी स्वतः बघितली आहे फाइल. सगळी मापं आत होती. पन्नासामागे सात.”

“लेखी काही?” त्यांच्यातल्या ज्येष्ठाने विचारलं.

“नाही.”

ताईंना बोलावलं. त्या कापडी पिशवी घेऊन आल्या आणि पिशवीतून वही काढली. घरी ट्रंकेत जपून ठेवली होती. ज्येष्ठ माणसाने पानं उलटायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा बदलत गेला. तो बाजूच्याला हळूच म्हणाला, “सात घेतलेत, बघ.” असली वही त्याने बरेच दिवसांत पाहिली नसावी. मला क्षणभर आशा वाटली, वेड्यासारखी. मग तो शेवटच्या पानावर आला. तक्रारीचा लॉट त्या पानावरच्या तारखेनंतर अकरा दिवसांनी बनलेला होता.

“ही सही कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. आजपासून वही बंद. मापं पेटीत. सहीखालच्या दोन रेघांकडे मला बघवत नव्हतं.

ताई उभ्याच होत्या. म्हणाल्या, “म्या मोजल्यात, सायेब. समद्या मोजल्यात.”

“आम्ही नाही मोजल्या असं म्हणत नाही, बाई,” तो माणूस खरोखर चांगुलपणाने म्हणाला. “नोंद नाही, एवढंच आम्हाला लिहावं लागेल.”

आणि तेवढंच लिहिलं गेलं. तपासणी झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही. ताईंना कुणी काढलं नाही, रागावलंही नाही. पुढच्या शिफ्टपासून त्यांना पॅकिंगला घेतलं, बस. त्यांच्या जागी डिप्लोमा झालेली एक मुलगी आली. ती पाच मोजते. शॉपफ्लोअरवर कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ‘ताईंचं मोजणं’ यावरून कॅन्टीनमध्ये एक-दोन विनोद झाले. मी त्या टेबलावरून उठून गेलो. उठून जाण्यापलीकडे काही केलं नाही.

दिवाळीनंतर नवीन मालक कंपनीचा ईमेल आला. सविस्तर विचारांती पेटी चालू ठेवण्याचं ठरलं होतं. डिस्क मिळत राहणार, सेवा मिळत राहणार, ग्राहकांनी निश्चिंत असावं. त्याच आठवड्यात माझ्या नावावर खोका आला. पावसाळ्यात मागवलेल्या डिस्क. सिक्युरिटीने तो पॅकिंगच्या टेबलावर ठेवला होता, म्हणून मला तिथे जावं लागलं. इतके दिवस मी पॅकिंगकडून जाणं टाळत होतो.

ताई पिना भरलेल्या खोक्यांना टेप लावत होत्या.

“पेटीचं औषद आलं म्हनं?”

“आलं, ताई.”

“मंग आता उठंल ती?”

“पेटी उठेल. आतलं नाही येणार.”

त्यांनी टेप कापली. कात्री खाली ठेवली. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, “येक इचारू का? खरं सांगा. म्या इसावा द्या म्हनले, म्हनून झालं का हे?”

हा प्रश्न येणार हे मला दीड महिना माहीत होतं, आणि उत्तरही तयार होतं. “नाही हो, ताई. जुनी झाली होती ती. कधीतरी जाणारच होती.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मंग बरं. रोज वाटायचं, म्याच माज्या हातानं…” वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं. टेबलाखालून कापडी पिशवी ओढली, वही काढली, शेवटचं पान उघडलं. माझ्या सहीखाली चार बोटं जागा होती. “मंग तेवडं लिवून द्या हितं. माज्यापायी न्हाई झालं म्हनून. लेकाला दावायला. आन सही करा.”

पेन त्यांचंच होतं. मी पॅकिंगच्या टेबलावर वही ठेवली आणि ‘पेटी जुनी झाल्यामुळे’ असं लिहायला घेतलं. ‘पेटी’ एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. वर तीन वर्षांपूर्वीची ती सही होती. सहा महिने मी दोन कंपन्यांच्या माणसांवर चिडत होतो की कुणी खरं सांगत नाही, स्पष्ट लिहून देत नाही. आता वही माझ्यापुढे होती.

मी लिहिलं, ‘पेटी मी बंद केली. बंद करू नये हे मला ठाऊक होतं, ताईंना नव्हतं. ताईंनी सगळी मापं घेतली होती, ती मी पाहिली आहेत.’ खाली सही केली. या वेळी नुसती सही, रेघा नाहीत.

ताईंनी वही जवळ ओढली आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. पहिल्या ओळीवर बोट थांबलं. दुसऱ्यांदा वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या पट्ट्यावरून खोके येऊन साचायला लागले होते.

त्यांनी वही पुन्हा माझ्याकडे वळवली आणि सहीच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

“तारीख ऱ्हायली, सायेब.”